घरबसल्या बँकव्यवहार आणि ग्राहकाची सावधगिरी

पूर्वीं बँकेंतून पैसे काढावयाचे म्हणजे ग्राहकास खिडकीपाशीं जाऊन सही करावी लागे. कारकून ती नमुन्याच्या सहीशीं ताडून पाही आणि शंका आल्यास चार प्रश्न विचारी. आतां इंटरनेटमुळें घरबसल्या व्यवहार होतात. येथें परवलीचा शब्द, पिन आणि मोबाइलवर येणारा ओटीपी हीच ग्राहकाची सही होय. ती ज्याच्या हातीं गेली, त्यालाच यंत्र खातेदार समजतें.

खुद्द बँकेच्या यंत्रणेवरही घाला पडतो. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेंतून चोरट्यांनीं सुमारें ९४ कोटि रुपये लांबविले. खातेदारांच्या ठेवींस धक्का लागलेला नाहीं, असें बँकेनें त्या वेळीं जाहीर केलें. सामान्य गृहस्थाच्या घरीं होणारी चोरी बहुधा निराळी असते. तेथें कुलूप फोडीत नाहींत. घरधन्याकडूनच किल्ली मागून घेतात.

मागण्याच्या तऱ्हा ठराविक आहेत. केवायसीची मुदत संपली, खातें आजच बंद होईल, असा निरोप येतो. वीज तोडण्याची धमकी येते. पोलिसाच्या वेषांतला तोतया मोबाइलच्या पडद्यावरून "डिजिटल अटक" फर्मावितो. वस्तुतः अशी अटक कोणत्याही कायद्यांत नाहीं. भीति आणि घाई हीं या सर्वांचीं साधनें. माणसास विचार करण्यास किंवा घरांतल्या कोणास विचारण्यास अवसर मिळूं नये, एवढाच त्यांचा हेतु.

म्हणून कांहीं गोष्टी पक्क्या ध्यानांत ठेवाव्यात. पैसे स्वीकारण्यास पिन लागत नाहीं. ओटीपी बँकेच्या माणसासही सांगावयाचा नसतो. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून मोबाइलवर कोणतेंही ॲप उतरवूं नये. भारतीय बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' असे संपावेत, असें रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं ठरविलें. तेव्हां पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावा.

इतकें करूनही चूक घडलीच, तर वेळेस फार महत्त्व येतें. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें असें ठरविलें कीं, दोष बँकेचाही नाहीं व ग्राहकाचाही नाहीं, आणि सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत ग्राहकानें बँकेस कळविलें, तर त्याच्यावर तोशीस पडूं नये. गुप्त अंक त्यानें स्वतःच सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचें नुकसान त्याचें, कळविल्यानंतरचें बँकेचें. तक्रारीसाठीं १९३० हा राष्ट्रीय दूरध्वनि क्रमांक आहे. चोरलेली रक्कम एका खात्यांतून दुसऱ्यांत झपाट्यानें फिरविली जाते; ती वाटेंत अडवावयाची तर तक्रार त्याच तासांत झाली पाहिजे.

पुष्कळ वृद्ध गृहस्थ मात्र मुलें काय म्हणतील, या संकोचानें दोन दोन दिवस गप्प राहतात. तेवढ्यांत आयुष्याची पुंजी हाताबाहेर जाते. ज्या घरांत अशी गोष्ट बोलून दाखविणाऱ्यास प्रथम धीर मिळतो आणि बोल मागाहून, त्या घरांतली तक्रार वेळेवर पोहोंचते. वडील माणसांस हा विश्वास आधींपासून देऊन ठेवणें, हें मुलांचें काम आहे.