गळ्यातली माळ, हातातलं माप



तुळशीची माळ घालताना काही नियम पाळायचं कबूल करावं लागतं. मांस-दारू वर्ज्य, एकादशीचा उपवास, पंढरीची वारी, खोटं बोलायचं नाही, दुसऱ्याच्या धनाला हात लावायचा नाही. एकादशीला साबुदाणा भिजत घालायला आपण कधी विसरत नाही. पण तो शेवटचा नियम? तो वहीत आणि काट्यावर पाळायचा असतो, आणि तिथे बघायला कुणी नसतं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाने कांदा-लसूण मसाला केला. पाव किलोच्या ६० पुड्या आठवडी बाजारात विकल्या. संध्याकाळी उरलेला माल मोजताना लक्षात आलं, की काट्यावर वाटी ठेवून मसाला भरला, पण वाटीचं वजन वजा करायचं राहूनच गेलं. दर पुडीत २० ग्रॅम कमी. म्हणजे लोकांचा १ किलो २०० ग्रॅम मसाला आमच्याकडे राहिला.

आमच्यातच बोलणं सुरू झालं. ‘मुद्दाम थोडंच केलं?’ ‘घरी कोण मोजतंय?’ ‘सांगितलं तर पुढे आपला माल घेईल कोण?’ खरं सांगतो, हे आम्हाला पटतही होतं. मसाल्यासाठी काढलेलं कर्ज अजून फिटायचं होतं.

आमच्या माळकरी मावशी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, ‘कळलं नव्हतं तोवर ती चूक होती. आता कळल्यावर ठेवून घेतलं तर चोरी.’

मग त्यांनी तुकोबारायांची गोष्ट सांगितली. देहूला तुकोबांच्या घरी महाजनकी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने लोक नागवले. पुढे तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत सोडली, हे आपण ऐकलेलं असतं. पण त्यांच्या चरित्रात असंही सांगतात, की त्यांनी फक्त आपल्या वाट्याची खतं बुडवली. धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या वाट्याची त्याच्या हाती दिली. आपलं सोडायला मोकळीक आहे, दुसऱ्याचं ठेवायला नाही.

पुढच्या बाजारी आम्ही पाटी लावून बसलो: ‘मागच्या पुड्यांत २० ग्रॅम कमी भरले. आपला मसाला घेऊन जावा.’ आम्हाला मान वर करवत नव्हती. काही जण हसले. २३ जण येऊन घेऊन गेले. बाकीच्यांच्या वाट्याचा मसाला पालखीच्या मुक्कामी अन्नदानाला दिला.

तुम्ही विचाराल, देवाचं ऐकून मिळालं काय? विक्री काही दुप्पट झाली नाही. कर्जाचे हप्तेही तेवढेच राहिले. पण पुढच्या बैठकीत एक ताई उभ्या राहिल्या. गटाचे ३०० रुपये त्यांनी घरी वापरले होते, दोन महिने सांगायची भीती वाटत होती. रडत रडत त्यांनी सांगितलं, आणि कुणी त्यांना टाकून बोललं नाही. दोन हप्त्यांत पैसे भरायचं ठरलं. आम्हाला वाटतं, आशीर्वाद म्हणतात तो हाच.

येत्या बैठकीत तुम्हीही एक करा. जमाखर्चाची वही मोठ्याने वाचा, आणि काट्यावरची वाटी एकदा रिकामी मोजून बघा.

रामकृष्ण हरी!