पावसाआधीची टोचणी



आपल्या लाखनीच्या भागात मिरग लागण्यापूर्वी जनावरांना घटसर्पाची आणि फऱ्याची लस टोचतात. शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल, पावसात रोग येतो, मग धावाधाव करून काय उपयोग? हे शहाणपण गोठ्यात आहे. ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या बापापर्यंत ते अजून पोचलेले नाही, आणि आज आम्हांला बोलायचे आहे ते त्याविषयीच.

फ्लू म्हणजे पडसे, असे आपण धरून चालतो. १९१८ साली जूनमध्ये हा ताप मुंबईत शिरला. सप्टेंबरपासून त्याची दुसरी, अधिक घातक लाट उसळली. लोकांनी त्याला मानमोडी म्हटले. भंडारा तेव्हा मध्यप्रांतात होता, आणि सर्वांत जास्त होरपळलेल्या प्रांतांत त्याची गणना होते. देशभर एक कोटीहून कितीतरी अधिक माणसे गेली. १९२१ च्या शिरगणतीत लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली दिसली. त्या साथीने तरुण फार नेले. दरसालच्या फ्लूची रीत मात्र उलटी आहे. तो तरुणाला आठवडाभर झोपवतो आणि म्हाताऱ्याच्या छातीत उतरतो. मधुमेह, दमा, हृदयविकार असला तर विचारूच नका. कॅनडात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की, फ्लू ठरल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट होतो. मग घरची मंडळी म्हणतात, 'हार्टने गेले.' ताप कोणाच्या लक्षात राहत नाही.

लस दरवर्षी का, हा प्रश्न आम्हांला नेहमी विचारतात. कारण हा विषाणू रूप पालटतो. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, बसून लशीत कोणते वाण घालायचे ते ठरवतात. बहुतेक लस अजूनही कोंबडीच्या अंड्यांत वाढवितात. टोचण्याच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, म्हणून तिने फ्लू होत नाही. दंड दुखतो, कधी दिवसभर कणकण येते, इतकेच. नाकात फवारायची जिवंत लस निराळी. ती वृद्धांसाठी नव्हे.

आता तिची उणी बाजूही सांगितली पाहिजे. ही लस अभेद्य कवच नाही. साथीतला वाण आणि लशीतला वाण जुळले नाहीत तर ती कमी पडते, आणि वृद्धांच्या शरीरात तिचा जोर तरुणांपेक्षा कमीच उमटतो. तरीही रुग्णालयात दाखल होण्याची पाळी ती पुष्कळांवरची टाळते. आमच्या मते तेवढ्यासाठी ती घेण्याजोगी आहे.

खरा अडथळा वेगळाच आहे. "मले आता कायले पाहिजे? नातवाच्या शाळेचं पाहा," असे म्हातारा म्हणतो, आणि आपल्याला ते सोयीचे वाटते. मुलांच्या सरकारी लसीकरणात जशा लशी फुकट मिळतात, तशी ही सरसकट सर्व वृद्धांना मिळत नाही. बहुधा पदरचे पैसे मोडावे लागतात. सरकारने याचा विचार करावा असे आम्हांला वाटते, पण तोवर म्हाताऱ्याने थांबावे काय? नातवाची शाळा सुरू होते तीही पावसाळ्यातच, आणि घरात फ्लू आणतो तो पुष्कळदा नातूच.

आपल्याकडे फ्लूचा मुख्य भर पावसाळ्यात असतो. काही वर्षी जानेवारी ते मार्चमध्येही तो डोके वर काढतो. लस टोचल्यावर अंगात बळ यायला सुमारे दोन आठवडे लागतात. रोवणी सुरू झाली की घरात दवाखान्यात नेणारे माणूस उरत नाही. म्हणजे वेळ आहे ती मे महिन्याची. त्या दिवशी अंगात ताप असेल तर चार दिवस थांबावे, पूर्वी एखाद्या लशीने जोराची ॲलर्जी आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, आणि कुपीवरची मुदत वाचून घ्यावी. गेल्या हंगामातली उरलेली लस टोचून घेऊ नये.