आधी कोण उतरणार?

आज मला तुमच्याशी एका चढाबद्दल बोलायचं आहे. चढ काही हिमालयातला नाही. कोल्हापूरहून जेमतेम वीस किलोमीटरवर असलेल्या पन्हाळ्याचा. एस. टी.नं गेलात तर एक डुलकी पुरी व्हायच्या आत वर पोचता. पण सायकलनं गेलात, आणि वय पन्नाशी ओलांडलेलं असलं, तर हाच पन्हाळा तुम्हाला बऱ्याच गोष्टी विचारतो.

आधी माझी आणि सायकलची ओळख सांगतो. माझ्या वडिलांचं कोल्हापुरात सायकलचं दुकान होतं. दुरुस्तीचंही आणि भाड्याचंही. तासावर सायकली जायच्या. लहान मुलांसाठी छोट्या सायकली होत्या, पण पोरांना हौस मोठ्या सायकलीची. मग नळीखालून पाय घालून ती वाकडीतिकडी चालवायची आणि गुडघे फोडून परत यायची. अब्बा आधी पोराचा गुडघा बघायचे, मग सायकल. मी याच दुकानात बसून मराठी घेऊन बी. ए. झालो. एका हातानं चाक फिरवून त्याचा आऊट काढायचा आणि समोर मोरोपंतांच्या आर्या उघडून ठेवायच्या. पहिल्या चरणात बारा मात्रा, दुसऱ्यात अठरा. चाक फिरतंय आणि मी मात्रा मोजतोय. मोरोपंतांचा जन्म १७२९चा, आणि तोही पन्हाळ्याचाच, हे कळलं तेव्हा मला तो आमच्या दुकानाचाच मोठेपणा वाटला होता.

अब्बांचं एक म्हणणं होतं. कुणी चढावर दामटून सायकल मारत आला, चेन तोडून किंवा पायडल वाकवून दुकानात आला, की ते म्हणायचे, ‘‘उतरायला काय झालं होतं? सायकल तुझी आहे, तू सायकलचा नाहीस.’’ गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायचो. त्या वयात चढावर उतरणं म्हणजे नाक कापून घेणं वाटायचं.

दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. अब्बाही गेले. मी कचेरीत नोकरीला लागलो, कविता लिहीत राहिलो, आणि सायकल सुटली ती सुटलीच. पुन्हा हातात आली ती मास्तरमुळे.

मास्तर म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. आमचं बोलणं मात्र अरेतुरेतलंच. त्याच्या इंजिनिअर पुतण्यानं डोंगरी सायकल घेतली, तिच्यावर मास्तर एकदा बसला, आणि पंधरा दिवसांत त्यानं स्वतःसाठी तसलीच सायकल आणली. मग आमच्या बँकवाल्या मित्रानं घेतली. मग मला घ्यावीच लागली. घरी बायको म्हणाली, ‘‘या वयात?’’ मी म्हटलं, ‘‘आमचा खानदानी धंदा आहे.’’

या डोंगरी सायकलीची जन्मकथाही गमतीची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात १९७०च्या दशकात काही तरुण पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर न्यायची आणि कच्च्या रस्त्यानं सुसाट खाली यायची. १९७६मध्ये त्यांनी उताराची शर्यतच सुरू केली. त्या सायकलींना पायडल उलटं मारून लागणारा ब्रेक होता, तो मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा. खाली येईपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. दर खेपेला हब उघडा, नवं ग्रीस भरा. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरा! अब्बांना हे सांगायला हवं होतं. छर्रे धुऊन ग्रीस भरण्यात त्यांचा निम्मा जन्म गेला. त्यावरून कुठं शर्यतीचं नाव पडेल हे त्यांना खरं वाटलं नसतं. म्हणजे बघा, हा खेळ सुरू झाला उतरण्यापासून. याच सायकलीनं चढताही यावं म्हणून तिला गिअर बसवले गेले.

आणि गिअर ही मोठी चीज आहे. पुढच्या चकतीला २२ दाते आणि मागच्या चकतीला ३४ दाते असले, तर पायडलचा एक पुरा फेरा मारूनही मागचं चाक पाऊण फेरासुद्धा फिरत नाही. अब्बांच्या साध्या सायकलीत तेवढ्याच फेऱ्यात चाक दोनदा फिरून वर उरायचं. पायाला हलकं लागतं, पण फेरे वाढतात. आमचा बँकवाला म्हणतो, ‘‘डोंगर कर्जात सूट देत नाही, फक्त हप्ते लहान करून देतो.’’

तर २०२३च्या डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही चौघं पन्हाळ्याला निघालो. मी, मास्तर, बँकवाला आणि मास्तरचा पुतण्या. पहाटे साडेपाचला गंगावेशीत जमलो. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली तेव्हा पाण्यावर धुकं होतं. दोन्ही बाजूंना ऊस, आणि कुठल्या तरी गुऱ्हाळावरून काहिलीचा वास येत होता. केर्लीला जोतिबाचा रस्ता फुटला. पुतण्या पुढे, बँकवाला त्याच्या मागे, मग मी, आणि शेवटी मास्तर. एरवी मास्तर पुढे असतो आणि बुरुजाबुरुजाचा इतिहास सांगत असतो. त्या दिवशी गप्प होता. मी मनात म्हटलं, बरं झालं, आज इतिहासाला सुट्टी.

वाघबीळला चहा घेतला आणि पन्हाळ्याच्या फाट्याला लागलो. खरा चढ इथून पुढचा. मी माझी जुनी युक्ती काढली. बारा पायडल मारायची, एक दीर्घ श्वास घ्यायचा. मग अठरा मारायची, पुन्हा श्वास. आर्येच्या मापानं चढलं की दम कमी लागतो, असा माझा समज आहे. शास्त्र काही असो, मोजण्यात मन गुंततं आणि चढ दिसत नाही.

एका वळणावर मागं पाहिलं. मास्तर येत होता, पण त्याचा चेहरा मला बरा दिसला नाही. डिसेंबरातल्या सकाळी त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि डावा हात तो हँडलवरून काढून झटकत होता. मला ते दिसलं. हे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो, कारण आजचं बोलणं यासाठीच आहे. मला ते दिसलं आणि तरी मी थांबलो नाही. का? तर पुढच्या दोघांपासून मी आधीच मागं पडलो होतो. थांबलो असतो तर पुन्हा चढावर सायकल सुरू करणं अवघड, आणि पोरगं वरून बघणार की चाचा उतरले. एवढंच. एवढ्यासाठी मी आणखी एक वळण सायकल मारली.

त्या पुढच्या वळणावर पुन्हा मागं पाहिलं. मास्तर अजून सायकलवरच होता, पण सायकल पुढं जात नव्हती, नुसती डुलत होती. मी ओरडलो, ‘‘उतर की मर्दा!’’ त्यानं मान हलवली. नाही म्हणाला. वरून पुतण्या हाका मारत होता, ‘‘काका, आलंच आता, थोडंच राहिलंय!’’ त्या पोराच्या मनात प्रोत्साहनच होतं. पण त्या हाकेनं मास्तरची मान आणखी ताठ झाली, ती मला दिसली.

तेव्हा मला अब्बा आठवले. मी सायकलवरून उतरलो. सायकल कडेला आडवी टाकली आणि दगडावर बसलो. मोठ्यांदा म्हटलं, ‘‘मला जमत नाही. माझा गुडघा गेला.’’ गुडघ्याला काही झालं नव्हतं. पण मी बसलो हे पाहिलं आणि मास्तरनं पाय टेकला. तो माझ्यापर्यंत चालत आला, शेजारी बसला आणि अगदी हळू म्हणाला, ‘‘छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय रे. वाघबीळपासून.’’

वाघबीळपासून! म्हणजे चहा पितानाही. सबंध चढ हा माणूस छातीवर ओझं घेऊन चढत होता, कारण आधी कोण उतरणार हा प्रश्न होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. आम्ही त्याला एक पाऊलही चालू दिलं नाही. बँकवाल्यानं १०८ला फोन लावला. पुतण्या धावत खाली आला; त्याचा चेहरा काकापेक्षा पांढरा झाला होता. रुग्णवाहिका येईपर्यंत मी मास्तरच्या पाठीला पाठ लावून बसलो होतो आणि त्याच्याशी काहीबाही बोलत होतो. दुपारपर्यंत कोल्हापुरात तपासणी झाली. दोन रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. दोन स्टेंट बसले. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं. एक वळण आधी आलो असतो, हे फक्त मला ठाऊक होतं.

ते मी मास्तरला पुढे महिन्याभरानं सांगितलं. त्याच्या घरी गेलो होतो. वहिनी आत चहा करत होत्या. मी म्हटलं, ‘‘मला आधीच दिसलं होतं. मी थांबलो नाही.’’ मास्तर बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘आणि मला आधीच कळलं होतं. मी सांगितलं नाही. फिटांफीट.’’ थोड्या वेळानं त्याच्यातला मास्तर जागा झाला. म्हणाला, ‘‘मी पोरांना दरवर्षी सिद्दी जौहरचा वेढा शिकवतो. १६६०च्या जुलैत महाराज भर पावसात या गडावरून खाली उतरून गेले. उतरले म्हणून पुढचा इतिहास घडला. हे पंचवीस वर्षं शिकवतोय, आणि मला सायकलवरून उतरता येईना!’’ आम्ही दोघं हसलो. वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांना कळेना हे कशाला हसतायत.

श्रोते हो, छातीवर दाब, हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम, नेहमीपेक्षा जास्त धाप, यातलं काही चढावर, जिन्यावर, कुठंही जाणवलं तर तिथंच थांबायचं आणि मदत मागायची, हे डॉक्टर सांगतातच. पन्नाशीनंतर असले उद्योग सुरू करण्याआधी तपासून घ्यावं, हेही सांगतात. मला त्यात एकच भर घालायची आहे. माणसाला स्वतःहून थांबणं फार जड जातं. विशेषतः मित्रांसमोर, आणि आपल्यापेक्षा लहानांसमोर. त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी आधी थांबावं लागतं. यात मोठेपणा काही नाही. पायच तर टेकायचा असतो.

एक वर्ष गेलं. औषधं, चालणं, पथ्य. मास्तरनं तांबडा रस्सा सोडला. कोल्हापूरच्या माणसानं तांबडा रस्सा सोडणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. डॉक्टरांनी आधी सपाटीवर सायकल चालवायला परवानगी दिली. मग ताणाची चाचणी घेतली आणि बेताचा चढ चालेल म्हणाले. २०२४च्या डिसेंबरात आम्ही चौघं पुन्हा पन्हाळ्याला निघालो. या वेळी मास्तर सगळ्यांत पुढे आणि बाकीचे त्याच्या मागे, असा नियम केला. जो सगळ्यांत हळू, त्याच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. त्या वळणावर आम्ही न बोलता उतरलो. सायकली हातात धरून चालत वर गेलो.

बुधवार पेठ मागे टाकली आणि गडावर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. एवढ्या वेळात पायी येणारे आमच्या पुढं गेले होते. अंबरखान्याच्या सावलीत बसलो. झुणका-भाकर आली. मास्तरनं अर्धीच भाकर घेतली, आणि इतिहास मात्र पूर्ण सांगितला. पुढं २०२५च्या जुलैत पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हा त्याचा सकाळी सहाला फोन आला. म्हणाला, ‘‘आपण आधीच जाऊन आलो ते बरं, आता गर्दी वाढणार.’’

आता आम्ही महिन्यातून एकदा जातो. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली आहे. चढ सुरू झाला की दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर मास्तरचा पुतण्या सायकलवरून उतरतो, कमरेवर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘‘चाचा, मला दम लागला.’’ पंचविशीतलं पोरगं, रोज तालमीत जातं. कसला दम लागतोय त्याला!

खोटं बोलतं. पण आम्ही तिघंही लगेच उतरतो.