वनौषधींची आधुनिक साधिका : डॉ. असीमा चटर्जी



चरक-सुश्रुतांचे नाव उच्चारताच आपली मान अभिमानाने ताठ होते. ते स्वाभाविकही आहे. परंतु पूर्वजांच्या त्या ठेव्याचे आजच्या पिढीने करावयाचे काय? या प्रश्नाचे उत्तर भाषणांतून नव्हे, तर प्रयोगशाळेतील अखंड तपश्चर्येतून देणारी एक विदुषी बंगालच्या भूमीत होऊन गेली. त्यांचे नाव डॉ. असीमा चटर्जी.

२३ सप्टेंबर १९१७ रोजी कोलकात्यात त्यांचा जन्म झाला. वडील इंद्रनारायण मुखर्जी पेशाने डॉक्टर. वनस्पतिशास्त्राचा त्यांना मोठा व्यासंग. झाडापाल्याच्या गुणधर्मांविषयीचे कुतूहल असीमादेवींना घरातूनच लाभले. १९३६ साली स्कॉटिश चर्च महाविद्यालयातून रसायनशास्त्राची पदवी, १९३८ साली कोलकाता विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि १९४४ साली डॉक्टर ऑफ सायन्स! भारतीय विद्यापीठाकडून हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. तत्पूर्वीच, १९४० साली, लेडी ब्रेबोर्न महाविद्यालयात रसायनशास्त्र विभागाची उभारणी त्यांच्याकडे सोपविण्यात आली होती.

१९४७ साली लहानग्या कन्येला सोबत घेऊन त्या अमेरिकेस गेल्या. पुढे झुरिच येथे नोबेलविजेते पॉल कॅरर यांच्याकडे त्यांनी संशोधन केले. परदेशी स्थायिक होणे त्यांना अवघड नव्हते. तरीही १९५० साली त्या मायदेशी परतल्या. येथे त्यांच्यापुढे काय वाढून ठेवले होते? अपुरी उपकरणे, रसायनांची टंचाई आणि तुटपुंजे अनुदान. पदार्थांचे नमुने विश्लेषणासाठी परदेशी धाडावे लागत. पण साधनांच्या अभावाची सबब त्यांनी कधी पुढे केली नाही. १९५४ साली त्या कोलकाता विद्यापीठात प्रपाठक झाल्या आणि १९६२ ते १९८२ अशी वीस वर्षे त्यांनी तेथील मानाचे खैरा प्राध्यापकपद भूषविले.

सर्पगंधा, सदाफुली, सातवीण यांसारख्या वनस्पतींतील अल्कलॉइडांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. वनस्पतीतील द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढायचे, त्याच्या रेणूची रचना ठरवायची आणि मग त्याचा गुण तपासायचा, असा हा चिकाटीचा मार्ग. त्यातूनच सुनिषण्णक व जटामांसी यांच्यापासून अपस्मारावरील 'आयुष-५६' हे औषध सिद्ध झाले. सातवीण, काडेचिराईत, कुटकी आणि सागरगोटा यांच्या योगाने हिवतापावरील औषधाचे कार्यही झाले.

येथे एक विवेक बाळगणे अगत्याचे आहे. सदाफुलीतील कर्करोगविरोधी द्रव्ये असीमादेवींनीच शोधली, असे कित्येकदा सांगितले जाते. वस्तुतः व्हिनब्लास्टीन कॅनडात आणि व्हिन्क्रिस्टीन अमेरिकेत प्रथम वेगळे करण्यात आले. पुराव्याखेरीज एक अक्षर न लिहिणाऱ्या संशोधिकेला उसन्या श्रेयाची गरज नाही. तिचा गौरव असत्याच्या आधारे करणे, हा तिच्या साधनेचा उपमर्दच होय.

१९६७ हे वर्ष कसोटीचे ठरले. स्वतः गंभीर आजारी असतानाच अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने पिता आणि पती दोघांचेही छत्र हरपले. त्यातूनही त्या सावरल्या आणि पुन्हा विद्यार्थ्यांत रमल्या. १९७२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नैसर्गिक द्रव्यांच्या रसायनशास्त्रासाठी विशेष साहाय्य योजना मंजूर केली. तिचे समन्वयकपद त्यांच्याकडे आले. पुढच्या पिढीला आपल्यासारखी आबाळ सोसावी लागू नये, ही त्यांची तळमळ होती. कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागात आयुर्वेदीय औषधांच्या संशोधनाची संस्था उभी राहिली, तीही त्यांच्याच प्रयत्नांनी. आंतरराष्ट्रीय कीर्ती लाभलेल्या या विदुषीने शालेय विद्यार्थ्यांसाठी मातृभाषेत, बंगालीत, रसायनशास्त्राचे पुस्तकही लिहिले.

१९६१ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, १९७५ साली पद्मभूषण, त्याच वर्षी भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्षपद, १९८२ पासून राज्यसभेचे सदस्यत्व, असे सन्मान चालून आले. २२ नोव्हेंबर २००६ रोजी त्यांची जीवनयात्रा संपली.

परंपरा आणि विज्ञान यांत वैर मानणाऱ्यांना, तसेच परंपरेला परीक्षेची गरजच नाही असे मानणाऱ्यांनाही, या जीवनाने उत्तर दिले आहे. पूर्वजांनी सांगितलेले तपासून पाहणे हा त्यांचा अनादर नव्हे. तेच खरे ऋषिऋण फेडणे होय. आपल्या घरातील एखादी मुलगी परसातील झाडाचे पान हाती घेऊन 'यात काय असते?' असे विचारील, तेव्हा तिला केवळ श्लोक ऐकवून थांबू नये. तिच्या हाती परीक्षानळीही द्यावी.