शुद्धीवर आल्यानंतर



या परिषदेत मेंदूच्या इजेवर बोलायला नाशिक ही योग्य जागा आहे. मुंबई-आग्रा महामार्ग या शहरातूनच जातो, पुण्याचा रस्ता सिन्नरवरून जातो, आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून थेट मुंबईच्या वेशीपर्यंत पोचला आहे. हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, ही मोहीम याच शहराच्या पोलिसांनी १५ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू केली होती. तिची गरज केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांतून कळते. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. देशभरातल्या मृतांपैकी ५०,०२९ जण हेल्मेटशिवाय दुचाकीवर होते. हा हिशेब मेलेल्यांचा झाला. त्याच वर्षी ४,४३,३६६ माणसे जखमी झाली. त्यांपैकी किती जण डोक्याला मार लागून वाचले आणि वेगळेच माणूस होऊन घरी परतले, हे त्या आकड्यांतून कळत नाही. आजचे माझे बोलणे त्या वाचलेल्यांविषयी आहे.

माझे म्हणणे असे की मेंदूच्या इजेवरचा उपचार आपण चुकीच्या ठिकाणी थांबवतो. शुद्ध आली, टाके निघाले, पेशंट भिंतीला धरून का होईना चालू लागला, की आपण त्याला बरा म्हणतो आणि घरी पाठवतो. खरे तर उपचाराचा लांबलचक, कष्टाचा भाग तिथे सुरू होतो. तो ऑपरेशन थिएटरमध्ये होत नाही, घरात होतो. तो करणारी माणसे म्हणजे सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि नर्सिंग ब्यूरोकडून बारा-बारा तासांच्या पाळीवर येणाऱ्या मावशी नि मामा. त्यांना आपण या कामाची पुरेशी माहिती देत नाही. बदललेले वागणे हे इजेचेच लक्षण आहे, एवढी एक गोष्ट जरी प्रत्येकापर्यंत पोचली तरी फार मोठा फरक पडेल.

‘बरा झाला’ हा निर्णय आपण कोणत्या मोजमापावर घेतो, ते पाहा. ग्लासगो कोमा स्केल (जीसीएस) १९७४ साली ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. डोळे उघडणे, बोलणे आणि हातापायांची हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण. ८ किंवा त्याहून कमी असतील तर इजा गंभीर. शुद्ध हरपलेल्या माणसाकडे अर्ध्या-अर्ध्या तासाने पाहायला हे आजही सोपे आणि विश्वासाचे साधन आहे. पण डिस्चार्ज कार्डावर ‘जीसीएस १५/१५’ लिहिलेले असते त्याचा अर्थ इतकाच, की हा माणूस आपणहून डोळे उघडतो, स्वतःचे नाव, गाव आणि महिना सांगतो, सांगितली ती हालचाल करतो. द्राक्षबागेत फवारणी कधी करायची हे त्याला ठरवता येईल का, सातपूरच्या कारखान्यात मशीनसमोर आठ तास लक्ष टिकेल का, मुलाने खेळणे आपटले तर राग आवरेल का, यांबद्दल हे स्केल काहीही सांगत नाही. ते त्यासाठी तयार झालेलेच नव्हते. बेशुद्धी मोजायचे साधन आपण बरे होणे मोजायला वापरतो.

आत नेमके काय होते? दुचाकी आदळते, कवटी थांबते, आतला मेंदू मात्र क्षणभर पुढे जात राहतो. कपाळामागचा आणि कानशिलामागचा भाग कवटीच्या तळाच्या खडबडीत हाडावर घासून ठेचला जातो. डोके गर्रकन फिरले तर मेंदूतले लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि सूज दिसते. तुटलेले तंतू बहुधा दिसत नाहीत. त्यामुळे सीटी नॉर्मल आहे म्हणून मेंदू नॉर्मल आहे, असे म्हणता येत नाही. कपाळामागच्या भागाकडे बेत आखणे, काम सुरू करणे, नको तिथे स्वतःला थांबवणे ही कामे असतात. कानशिलामागच्या भागाकडे नव्या आठवणी साठवणे. म्हणून हातपाय शाबूत असलेला, नीट बोलणारा माणूस घरी येतो आणि पंधरा दिवसांत घरचे म्हणू लागतात, हा आमचा राहिला नाही.

या तक्रारींकडे नीट पाहिले पाहिजे, कारण त्यांतली प्रत्येक तक्रार इजेकडे बोट दाखवते. आंघोळीचे पाणी काढून दिले तरी तो तासभर बसून राहतो, म्हणून त्याला आळशी ठरवतात. ‘तांब्या उचल, पाणी घे’ असे कोणी म्हटले की तोच माणूस पुढची सगळी आंघोळ आपणहून करतो. त्याची इच्छा मेलेली नसते, काम सुरू करून देणारी यंत्रणा दुखावलेली असते. तो गाडीची किल्ली मागतो, मला काही झालेले नाही म्हणतो, आणि घरच्यांना वाटते हा खोटे बोलतोय किंवा हट्ट करतोय. आपल्यात काय कमी झाले आहे हे ओळखणारा भागच जखमी असेल तर ती उणीव त्याला दिसणार कशी? त्याच्याशी वाद घालून ती दिसत नाही. किल्ली नजरेआड ठेवणे आणि डॉक्टरांनी तपासून परवानगी देईपर्यंत गाडी नाही असा नियम घरातल्या सगळ्यांनी एका तोंडाने सांगणे, याचा उपयोग होतो. डोक्याला मार लागल्यावर अनेकांची वास घेण्याची क्षमता जाते, आणि बहुतेक वेळा कोणी त्याबद्दल विचारतही नाही. स्वयंपाकघरात एकट्या असणाऱ्या बाईला गॅसची गळती कळत नसेल, तर ही बाब किरकोळ म्हणून सोडता येणार नाही.

सर्वांत जास्त चुका होतात त्या शुद्ध आल्यानंतरच्या गोंधळाच्या काळात. डोळे उघडे असतात, बोलणे चालू असते, पण दिवसाच्या आठवणी मनात टिकत नाहीत. पेशंट नळ्या ओढतो, शिव्या देतो, रात्रभर जागतो. मग त्याचे हात बांधले जातात, झोपेचे इंजेक्शन दिले जाते, आणि दुसऱ्या दिवशी भेटायला आलेले दहा नातेवाईक ‘मला ओळखलंस का?’ म्हणून त्याची परीक्षा घेतात. बांधल्याने घबराट वाढते. गुंगीच्या औषधांनी गोंधळ लांबू शकतो. हवे असते ते याच्या उलट : मंद उजेड, कमी आवाज, एका वेळी एकच माणूस, एका वेळी एकच सूचना, लघवी तुंबली आहे का आणि दुखते कुठे याची तपासणी, आणि रोज तीच शुश्रूषा करणारी व्यक्ती. प्रश्न विचारण्याऐवजी सांगावे : ‘मी सिस्टर, हे हॉस्पिटल, आज सोमवार.’ हा काळ किती दिवस चालला याची नोंद ठेवावी, कारण पुढे किती अडचणी येतील याचा अंदाज त्यावरून बऱ्यापैकी बांधता येतो. ही नोंद डॉक्टरांच्या राउंडमध्ये होत नाही. चोवीस तास उशाशी असणाऱ्यालाच ती करता येते.

इजेने वागणे बदलते, याचे गाजलेले उदाहरण जुने आहे. १८४८ साली अमेरिकेत फिनिअस गेज या रेल्वे मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, पण तापट आणि बेभरवशाचा झाला. पाठ्यपुस्तके त्याची गोष्ट बहुधा इथेच संपवतात. पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. १८५२ पासून कित्येक वर्षे तो चिली देशात सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता. मानसशास्त्राचे इतिहासकार माल्कम मॅकमिलन यांनी त्याच्या आयुष्याची कागदपत्रे धुंडाळून असा तर्क मांडला, की ठरलेल्या वेळा, ठरलेला रस्ता आणि ठरलेली कामे यांच्या शिस्तीने त्याला पुष्कळ सावरले. तर्कच आहे तो. पण आज पुनर्वसनात आपण जे करतो त्याच्याशी तो जुळतो : बिघडलेला भाग दुरुस्त होण्याची वाट पाहण्यापेक्षा दिवसाला घट्ट आकार द्यायचा, म्हणजे उरलेला भाग काम करू शकतो.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा, की मेंदू आपोआप भरून येतो, वेळ द्यावा. यात तथ्य आहे. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते आणि तिचे सगळे श्रेय कोणा थेरपिस्टने घेऊ नये. पण विसरभोळेपणा राहिला तर त्यावर मात करायचे मार्ग आपोआप सापडत नाहीत, ते शिकवावे लागतात. बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली इंग्लंडमध्ये स्मरणशक्ती आणि नियोजन बिघडलेल्या १४३ जणांना पेजरवरून कामांची आठवण देऊन पाहिले. पेजर असताना बहुतेकांची ठरलेली कामे लक्षणीय प्रमाणात जास्त पार पडली. आज पेजरची जागा मोबाइलच्या गजराने घेतली आहे, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोजची कामे लिहून खूण करायला तर खर्चही नाही. ती सवय लावून देणारे माणूस मात्र काही महिने लागते.

दुसरे लोक औषधावर भरवसा ठेवतात. डोक्याच्या इजेत वर्षानुवर्षे स्टेरॉइड दिले गेले. दहा हजारांवर रुग्णांच्या ‘क्रॅश’ अभ्यासात २००४ साली दिसले की त्याने मृत्यू वाढतात. सिटिकोलिन आपल्याकडे आजही लिहून दिले जाते. त्याची १,२१३ रुग्णांवरची तपासणी २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा फायदा आढळला नाही. ज्या घरात महिनोन्‌महिने अशा गोळ्यांवर पैसे जातात त्याच घरात थेरपिस्टला आठवड्यातून दोनदा बोलावणे परवडत नाही, हे मला फार खटकते.

सर्वांत गंभीर आक्षेप मायेपोटी येतो : घरच्यांइतके कोण करणार? आपली एकत्र राहण्याची रीत हेच आपले पुनर्वसन केंद्र. याची परीक्षा आपल्याच देशात झाली आहे. ‘अटेंड’ हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. देशातल्या १४ रुग्णालयांतले पक्षाघाताचे १,२५० रुग्ण त्यात होते. अर्ध्यांच्या घरच्यांना रुग्णालयातच व्यायाम आणि शुश्रूषा शिकवली, घरी गेल्यावर पाठपुरावाही केला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण मरण पावलेले किंवा परावलंबी होते. फरक शून्य. हा अभ्यास पक्षाघाताचा आहे, अपघाताचा नाही, आणि घरच्यांची माया वाया जाते असा त्याचा अर्थ मी काढत नाही. पण थोडे शिकवून सगळा भार कुटुंबावर टाकला तरी चालते, या सोयीच्या समजुतीला त्याने आधार ठेवलेला नाही. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या घरात हा भार बहुतेक वेळा एका बाईवर येतो, आणि नवऱ्याची शुश्रूषा करणारी ती बाई मजुरीवर जाऊ शकत नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने मेंदूला इजा झालेल्या एका मुलीच्या भरपाईच्या प्रकरणात सोबतीला लागणाऱ्या माणसांचा खर्च आयुष्यभराचा धरून मोजला. शुश्रूषा ही फुकटची गोष्ट नाही, हे न्यायालयाने मान्य केले. आरोग्यव्यवस्थेने ते अजून केलेले नाही.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. पण आहे तो पैसा कुठे थांबतो ते पाहा. केंद्राच्या २०२५ च्या योजनेत अपघातग्रस्ताला दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत. जीव वाचवायला ही योजना मोलाची आहे. पण गंभीर इजेत नुसता गोंधळाचा काळच अनेकदा सात दिवसांहून लांबतो. म्हणजे पेशंटला आजचा वार कळायच्या आत मदतीची मुदत संपलेली असते. कायद्यातही अशीच फट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत अपघाती मेंदूइजेचे नाव नाही. पाय गेला तर प्रमाणपत्राची वाट सरळ आहे. निर्णयशक्ती गेली तर माणसाला कुठल्यातरी दुसऱ्या रकान्यात बसवावे लागते. काहींना वाटते की असा शिक्का बसला तर नोकरी जाईल, लग्न मोडेल. ती भीती खोटी नाही. पण निदान न लिहिल्याने नोकरी टिकत नाही. कामचुकार म्हणून ती जातेच, आणि मग मागायला हक्कही उरत नाही. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्याला काढता येत नाही, हे संरक्षण याच कायद्यात आहे, पण ते मिळायला आधी कागदावर इजा दिसावी लागते.

भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी उभी केली. रोजचे जगणे परत शिकवणे हाही उपचार आहे, हे महाराष्ट्राला तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणून माझ्या मागण्या अवाजवी नाहीत. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डाला मराठीत एक पान जोडावे : गोंधळ किती दिवस टिकला, गिळणे, वास, झोप, राग आणि स्मरण कसे आहे, गाडी कधीपर्यंत चालवायची नाही, आणि पुन्हा तपासणीला कधी यायचे. सहा महिन्यांनी ती तपासणी खरोखर व्हावी. आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे. घरी शुश्रूषा करणाऱ्या मावशी आणि मामांसाठी मेंदूच्या इजेवरचे छोटे, प्रमाणपत्राचे प्रशिक्षण त्याने आखावे आणि ब्यूरोंनी ते घेतलेल्यांना जास्त पगार द्यावा. दिव्यांग कायद्याच्या परिशिष्टात नवा प्रकार अधिसूचनेने जोडण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. तशी मागणी करणारा ठराव या परिषदेने आजच मंजूर करावा, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.