मानवेल आणि झेपेल असा आहार
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



जेवणाच्या पंगतीआधी आहारतज्ज्ञाला बोलायला उभं करायचं धाडस आपल्या पडेगावच्या बॅचनेच करावं! घाबरू नका, आजच्या जिलेबीच्या मी आड येणार नाही.

आपण सगळे पन्नाशीला आलो. आपल्या ग्रुपवर पूर्वी विनोद यायचे, आता डाएट येतात. कुणी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दिवसातून दोनदाच जेवतं, 55 मिनिटांच्या आत जेवण संपवतं आणि 45 मिनिटं चालतं. कुणी ऋजुता दिवेकरांचं वाचून घरचंच, पण थोडं थोडं आणि वेळेवर खातं. मग दोन्ही बाजू आपापलं वजन पुरावा म्हणून मांडतात आणि मला विचारतात, "यातलं खरं कोणतं?" मी म्हणते, कुणासाठी ते आधी सांगा.

माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका जोडप्याचं सांगते. नवऱ्याचं पोट सुटलेलं, एचबीएवनसी 6.1. हा आकडा 5.7 ते 6.4 असला की माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर असतो. त्याने दोनदा जेवणं धरलं, गोड सोडलं, चालायला लागला. सहा महिन्यांत सात किलो उतरले, आकडा 5.6 वर आला. फार छान झालं. पण साथ द्यायची म्हणून बायकोनेही तेच केलं. तिचं वजन मुळात कमी आणि हिमोग्लोबिन 9. ती जेवायची सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं. आधीच कमी पडणारं लोह आणि प्रथिनं आणखी कमी झाली आणि दोन जिने चढताना तिला धाप लागू लागली. घर एक, डाएट एक. त्याला मानवलं, तिला नाही.

हे दोन-चार घरांपुरतं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. दुसरीकडे, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. बऱ्याच घरांत हे दोन्ही आजार एकाच ताटाभोवती बसतात.

म्हणून डाएट निवडण्याआधी रिपोर्ट बघा. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, रक्तदाब आणि कमरेचा घेर. घेर पुरुषांचा 90 आणि स्त्रियांचा 80 सेंटिमीटरच्या आत हवा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न विचारता एक जेवण गाळलं, तर साखर धोकादायक उतरू शकते. मूत्रपिंड कमजोर असलेल्याला प्रोटीन पावडर आणि रोजचं नारळपाणी अपाय करू शकतं. शेजाऱ्याला गुण आला हा आपल्यासाठी पुरावा नव्हे.

दुसरी कसोटी स्वयंपाकघराची. अनेक डाएट तिसऱ्या महिन्यात का मोडतात? कारण एकाचं डाएट म्हणजे घरातल्या बाईला तिसरा स्वयंपाक. त्याच्यासाठी वेगळं, मुलांसाठी वेगळं, सासूबाईंसाठी मऊ. त्यात ॲव्होकॅडो आणि किन्वा आणायचे म्हटलं की खिसाही कुरकुरतो. जे एकाच चुलीवर सगळ्यांसाठी शिजतं आणि ज्याला त्याला प्रमाण बदलून वाढता येतं, तेच वर्षानुवर्षं टिकतं.

असं अन्न लांब शोधायला नको. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात जा. ज्वारी, बाजरी, मटकी, हरभरा, शेंगदाणे, मेथी, शेपू, सगळं मिळतं. रब्बीची ज्वारी पावसाळ्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर येते आणि तिचा कडबा जनावरांना होतो. 2016 साली ज्या मराठवाड्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे कमी पाण्याचं पीक ताटात असणं हाही आरोग्याचाच भाग आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर 'परभणी शक्ती' हा लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण दिला आहे.

पण ज्वारी म्हणजे जादू नव्हे. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी सुमारे 200 कॅलरी देते. मधुमेह आहे म्हणून गहू सोडून चार भाकरी खाल्ल्या, तर साखर वाढणारच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेनुसार दिवसाच्या ऊर्जेपैकी धान्याचा वाटा 45 टक्क्यांपर्यंतच असावा. आपल्याकडे तीन भाकरी आणि वर पातळ वरण असतं. एक भाकरी कमी करा, त्या जागी वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण घ्या, बाजूला काकडी, मुळा, पालेभाजी. ज्याला वजन उतरवायचं आहे त्याने भाकरी मोजावी. जिला रक्त वाढवायचं आहे तिने बाजरी, उसळ, वर लिंबू घ्यावं, जेवणानंतर लगेच चहा टाळावा आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. स्वयंपाक तोच, वाढणी वेगळी.

चहाचंही सांगते. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे साधारण 40 ग्रॅम साखर. वरून घातलेली साखर दिवसभरात 25 ग्रॅमच्या आत असावी, असं तीच मार्गदर्शिका म्हणते. मिठाचं प्रमाण दिवसाला 5 ग्रॅम. त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. आणि आपल्या शहराचा नान-खलिया? सणासुदीला, दोस्तांबरोबर जरूर खा. बिघडतं ते रोजच्या सवयीने.

शेवटी एक विनंती, विशेषतः मित्रांना. नवं डाएट सुरू करण्याआधी घरात जो स्वयंपाक करतो त्याला विचारा, आणि त्याच आठवड्यात तिचंही हिमोग्लोबिन तपासून घ्या. जमलं तर भाकरी थापायला शिका, वजनही उतरेल. सर आणि बाईंनी आपल्याला गृहपाठ दिला की तो वहीत दाखवावा लागायचा. मीही आज गृहपाठ देते आहे. पुढच्या मेळाव्याला दोघांचेही रिपोर्ट घेऊन या.

चला, पंगत वाट बघते आहे.