डोळ्याला न दिसणारे

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



मराठी बोलणाऱ्या माणसाची नजर नेहमी बाहेर जाते. आपण पुस्तकावर नजर टाकतो, गर्दीवरून नजर फिरवतो, अंगणात खेळणाऱ्या मुलावर नजर ठेवतो. बाळाला कोणाची दृष्ट लागलीच, तर आजी मीठमोहऱ्या ओवाळून टाकते. डोळ्यातून काहीतरी निघते आणि समोरच्या वस्तूला जाऊन भिडते, ही कल्पना भाषेत इतकी मुरलेली आहे की ती कल्पना आहे हेच लक्षात येत नाही. ती केवळ अडाण्यांची समजूतही नव्हे. चक्षुरिंद्रिय तेजोरूप असून त्याचे किरण वस्तूपर्यंत पोचतात, असे आपल्याकडील नैयायिकांनी तर्कशुद्ध रीतीने मांडले होते. प्राचीन ग्रीसमधील कित्येक विचारवंतांचेही मत याच धर्तीचे होते.

म्हणून पाचवीतल्या मुलाला डोळा, आंबा आणि दिवा यांचे चित्र देऊन ‘आंबा कसा दिसतो ते बाणाने दाखव’ असे सांगितले, की तो डोळ्यापासून आंब्याकडे बाण काढतो. त्याला ‘चूक’ म्हणून तांबडी रेघ मारणे सोपे आहे. ‘प्रकाश वस्तूवरून परावर्तित होऊन डोळ्यात येतो’ हे वाक्य फळ्यावर लिहून देणे त्याहून सोपे. मूल ते पाठ करते, परीक्षेत लिहिते आणि दोन गुण मिळवते. मनातला बाण मात्र होता तिकडेच राहतो.

तो बाण फिरवण्यासाठी या शाळेत बुटांचे एक रिकामे खोके वापरले जाते. आत लाल बांगडी ठेवायची, झाकण घट्ट बसवायचे आणि पुढच्या बाजूला डोळ्याएवढे भोक पाडायचे. बाजूला बोटभर रुंदीची एक खिडकी कापून ती कागदाने बंद ठेवायची. मुलांना आधी विचारायचे: भोकाला डोळा लावून थोडा वेळ थांबले, तर बांगडी दिसू लागेल का? बहुतेक हात वर होतात. मांजराला अंधारात दिसते, मग आपल्याला का दिसणार नाही, असा युक्तिवादही होतो. मग प्रत्येकाने हवा तितका वेळ डोळा लावून बसावे. काळोख काळोखच राहतो. त्यानंतर कडेची खिडकी किंचित उघडली की बांगडी झळकते. मांजरालाही थोडा तरी उजेड लागतोच, हे सांगण्याची वेळ आता येते. पुन्हा वह्या उघडल्या जातात आणि बाणाची दिशा मूल स्वतःच्या हाताने बदलते.

दुसऱ्या दिवशी वर्गच डोळा होतो. खिडक्या काळ्या कागदाने बंद करून एका कागदाला पेन्सिलीच्या जाडीएवढे छिद्र ठेवायचे आणि समोर पांढरी चादर धरायची. बाहेर रणरणते ऊन हवे. काही क्षणांत डोळे अंधाराला सरावतात आणि चादरीवर बाहेरचे झाड, भिंत, रस्त्याने जाणारा सायकलस्वार, सारे रंगांसकट उमटते, पण उलटे. सुमारे 965 साली बसरा येथे जन्मलेल्या इब्न अल-हैथम या विद्वानाने अंधाऱ्या खोलीत असेच प्रयोग केले आणि ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथात, प्रकाश बाहेरून डोळ्यात येतो, हे सविस्तर प्रतिपादन केले. पुढे 1604 मध्ये योहानेस केप्लरने डोळ्याच्या दृष्टिपटलावरील प्रतिमा उलटी असते, हे भूमितीने दाखवून दिले. मुले लगेच विचारतात, ‘मग आपल्याला जग सुलटे कसे दिसते?’ या प्रश्नासाठीच ही सारी खटपट असते. डोळा प्रतिमा घेतो, पण दिसण्याचा अर्थ मेंदू लावतो. हे वाक्य प्रश्नानंतर आले तरच मुलांच्या मनात रुजते.

या कृतींना खर्च जवळजवळ नसतो. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची वाट अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून देशभरच्या शिक्षकांना दाखवली. साधन स्वस्त असले की ते प्रत्येक मुलाच्या हाती देता येते, एवढाच त्यातला हिशेब आहे.

मातृभाषेची साथही इथे मोलाची ठरते. दोन मुलांनी समोरासमोर बसून एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे. काळ्या वर्तुळात स्वतःचेच इवलेसे रूप दिसते, म्हणून ती ‘बाहुली’. संस्कृतातील ‘कनीनिका’ या शब्दातही अशीच लहान मुलगी दडलेली आहे. मग एकाने डोळे तळहातांनी झाकून दहा अंक मोजावेत आणि हात काढावा. मोठी झालेली बाहुली पाहता पाहता आकसते. बाहुलीभोवतालचे बुबुळ उजेडाचा हिशेब ठेवते, हे त्या दोघांना चित्राशिवाय कळते. महाराष्ट्रापासून दूर, घराचा उंबरा ओलांडताच दुसरी भाषा बोलणाऱ्या या मुलांना शास्त्राचा शब्द आपल्याच घरातला निघतो, याचा आनंद वेगळाच असतो.

यानंतरची कृती साऱ्यांत साधी आणि साऱ्यांत महत्त्वाची. पोस्टकार्डावर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे सात सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका काढायचा. डावा डोळा झाकायचा, उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत राहायचे आणि कार्ड हळूहळू जवळ आणायचे. साधारण वीतभर अंतरावर ठिपका नाहीसा होतो. आणखी जवळ आणले की पुन्हा प्रकटतो. दृष्टिपटलावर ज्या ठिकाणाहून दृष्टीची नस बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हा अंधबिंदू सतराव्या शतकात एदम मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधला.

विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. ठिपका गेला त्या जागी काळे भोक दिसत नाही, तिथे कोरे कार्ड दिसते. कार्डावर आडवी रेघ ओढली असेल, तर तुटलेली रेघसुद्धा अखंड दिसते. जिथे काही दिसत नाही, तिथे मेंदू आजूबाजूचे पाहून भर घालतो. शिवाय एका डोळ्याचा अंधबिंदू दुसरा डोळा सांभाळून घेतो. माणसे आयुष्यभर हे छिद्र डोळ्यात बाळगून वावरतात आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. डोळ्याला सारे दिसते, फक्त स्वतःचे न दिसणे दिसत नाही.

हे थोरामोठ्यांच्याही बाबतीत घडले आहे. द्रव्याचा अणुसिद्धांत मांडणारा जॉन डाल्टन वनस्पतींचा चांगला अभ्यासक होता. दिवसा त्याला निळसर दिसणारे जिरेनियमचे फूल मेणबत्तीच्या उजेडात तांबडे दिसले. असा पालट इतरांनाही दिसत असेल, असे त्याला वाटले. चौकशी केल्यावर त्याच्या भावाखेरीज कोणालाच तो दिसत नव्हता, असे आढळले. तेव्हा त्याची पंचविशी उलटली होती. तोवर आपले रंग इतरांच्या रंगांहून निराळे आहेत, हे या सूक्ष्म निरीक्षकाला ठाऊकच नव्हते. 1794 मध्ये त्याने यावर निबंध वाचला.

डाल्टनला जे पंचविशीपर्यंत उमगले नाही, ते आठ वर्षांच्या मुलाने आपणहून येऊन सांगावे, अशी अपेक्षा घर आणि शाळा रोज करत असतात. ‘दिसत नव्हते तर बोलला का नाहीस?’ हा प्रश्न प्रेमापोटी विचारला जातो, पण त्याला उत्तर नाही. ज्या मुलाने जग कधी स्पष्ट पाहिलेच नाही, त्याच्या लेखी धूसर जग हेच जग असते.

चौथीच्या वर्गातील एका मुलीची गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. तिची तोंडी उत्तरे चोख, वहीत मात्र गोंधळ. गणित बरोबर सोडवलेले, पण आकडेच वेगळे उतरवलेले. आठाच्या जागी तीन, सहाच्या जागी शून्य. ती शेजारणीच्या वहीत डोकावते, अशीही तक्रार होती. प्रगतिपुस्तकात ‘हुशार, परंतु निष्काळजी’ असा शेरा पडला. घरी बोलणी बसली.

डोळ्याच्या पाठातील एक कृती अशी आहे: लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला सुमारे एक मिलिमीटरचे भोक पाडून त्यातून फळ्याकडे पाहायचे. बारीक छिद्रातून प्रकाशाची अरुंद शलाकाच आत जाते, त्यामुळे दृष्टिपटलावरची प्रतिमा पसरत नाही. ज्यांची नजर चांगली आहे, त्यांना फळा थोडा काळपट दिसतो, एवढेच. या मुलीने कागद डोळ्याला लावला आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यातील सुविचार मोठ्याने वाचला. मग तिने विचारले, ‘बाई, हा आजच लिहिला का?’

सुविचार रोजच लिहिला जात होता. जूनपासून, रोज.

छिद्रातून अक्षरे स्पष्ट होत असतील, तर दोष बहुधा चष्म्याने जाण्यासारखा असतो. छिद्रातूनही धूसरच राहत असतील, तर दुसरे काही कारण असू शकते. दोन्ही प्रसंगी पुढचे काम नेत्रतज्ज्ञाचे आहे. या मुलीला लघुदृष्टी होती. चष्मा आला आणि आकडे जागेवर आले. शेजारणीच्या वहीत डोकावणे थांबले. निष्काळजीपणाचा शेरा पुढच्या प्रगतिपुस्तकात नव्हता. त्या शेऱ्याखाली मधले महिने तिने कसे काढले असतील, याचा विचार मात्र पालक आणि शिक्षक या दोघांनीही करायला हवा.

तेव्हापासून शाळेत डोळ्याचा पाठ आणि डोळ्यांची तपासणी एकत्र होते. 1862 मध्ये डच नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी तयार केलेल्या तक्त्याच्या धर्तीचा तक्ता सहा मीटरवर टांगला जातो. लहानग्यांसाठी इंग्रजी ‘ई’ अक्षराचा तक्ता असतो. अक्षराची बोटे ज्या दिशेला, त्या दिशेला आपली बोटे दाखवायची, म्हणजे अक्षरओळख नसली तरी अडत नाही. मुलेच अंतर मोजतात, मुलेच नोंदी करतात. नियम एकच आणि तो कडक: एका वेळी एकच डोळा. कारण अंधबिंदूच्या कृतीत दिसले तेच इथेही घडते. चांगला डोळा अधू डोळ्याला सांभाळून घेतो आणि दोन्ही डोळे उघडे असताना मूल सारे वाचून दाखवते. अशा अधू डोळ्याकडून येणाऱ्या प्रतिमेकडे मेंदू हळूहळू लक्षच देईनासा होतो. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात, पण आळस ना डोळ्याचा, ना मुलाचा. साधारण सात-आठ वर्षांच्या आत चष्मा देऊन, चांगला डोळा रोज काही वेळ झाकून उपचार केले तर गुण येण्याची शक्यता अधिक. उशीर होईल तितके ते अवघड होत जाते. एका वर्षाची दिरंगाई इथे आयुष्यभराची ठरू शकते.

काही समजुतीही दूर व्हायला हव्यात. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, ही समजूत खोटी आहे. मुलाची उंची वाढते तसा डोळाही वाढतो आणि नंबर बदलतो. चष्मा असो वा नसो, ते व्हायचेच. मुलीला चष्मा लागला तर पुढे लग्नाचे कसे, ही काळजी आजही काही घरांत कुजबुजली जाते. त्या कुजबुजीची किंमत मुलगी रोज वर्गात मोजते. दिवसातून दोनेक तास मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांमध्ये लघुदृष्टीचे प्रमाण कमी आढळते. तेव्हा खेळाचा तास गणिताला देऊन टाकण्यापूर्वी दोनदा विचार व्हावा.

शाळेला साठ वर्षे झाली. सभागृहात बसलेल्या कित्येक माजी विद्यार्थ्यांना चाळिशी लागली आहे. हातातली निमंत्रणपत्रिका लांब धरून वाचताना आपल्याला लगेच कळते की काहीतरी बदलले, कारण पूर्वी कसे दिसत होते हे आपल्याला आठवते. मुलाजवळ तशी आठवण नसते. म्हणून त्याच्या वतीने मोठ्यांनी विचारायचे असते. 1976 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शालेय नेत्रतपासणीची आणि गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्म्यांची सोय आहे. तिचा लाभ घेण्यासाठी पालकांनी शाळेकडे चौकशी करावी. माजी विद्यार्थ्यांपैकी जे नेत्रवैद्यक क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातला एक दिवस शाळेला द्यावा. हीरक महोत्सवाची ही भेट कोणत्याही स्मृतिचिन्हाहून मोठी ठरेल.

आणि आज घरी गेल्यावर एवढे अवश्य करावे. भिंतीवर कॅलेंडर असेलच. मुलाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे करावे. तळहाताने आधी एक डोळा झाकून तारखांचे आकडे वाचायला सांगावे, मग दुसरा झाकून. दाबायचे नाही, फटीतून पाहायचे नाही. ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे. पण दोन डोळ्यांची उत्तरे जुळली नाहीत, किंवा मूल नकळत पुढे सरकू लागले, तर न रागावता, उशीर न करता, त्याला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.